भिंतीला हात लावायचा नाही

ताई घराबाहेर पडताना गॅसचं बटण तीनदा बघते. एकदा डोळ्यांनी, एकदा हाताने, आणि कुलूप लावून झाल्यावर ते पुन्हा काढून आणखी एकदा. लिफ्टमध्ये एकच अनोळखी माणूस उभा असेल तर "तुम्ही व्हा पुढे" म्हणून चार मजले पायऱ्यांनी चढते. पालीला भिते, कुत्र्याला भिते, शेजारी कुणी जोरात शिंकलं तरी दचकते. सिनेमाला गेलं की बाहेर पडायचे दरवाजे कुठे आहेत ते आधी बघून घेणार, मग पडद्याकडे बघणार. घरात लहानपणापासून तिचं नाव भित्री भागूबाई. ते बाबांनी ठेवलं आणि मी चालू ठेवलं.

मी तिच्याहून पाच वर्षांनी धाकटा. फ्रिज आणि वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. एकट्याने पाठीवर फ्रिज घेऊन तीन जिने चढलेला माणूस आहे मी, आणि हे मी कुणी न विचारताही सांगतो. ताई मला पैलवान म्हणते. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षीही उमगलेलं नाही.

आता या भागूबाईची नोकरी काय, तर वाळवंटातल्या घळींमध्ये पायी जायचं आणि हजारो वर्षांपूर्वी माणसांनी कातळावर काढलेल्या चित्रांचे फोटो काढायचे. वस्तुसंग्रहालयाच्या नोंदणी खात्यात ती सव्वीस वर्षं फोटोग्राफर आहे. तिची खोली तळघरात, तिला खिडकी नाही, भिंतीला लागून पत्र्याची कपाटं. प्रत्येक चित्राची एक फाइल, फाइलमध्ये दर वर्षीचा एक फोटो आणि एक छापील फॉर्म. तारीख, वेळ, उजेड, चित्रात झालेला बदल, आणि शेवटचा रकाना बदलाच्या कारणाचा. फोटोत चित्राशेजारी काळ्यापांढऱ्या चौकोनांची पट्टी धरायची, म्हणजे आकार कळतो. पट्टी धरायची, पण भिंतीला हात लावायचा नाही. बोटांचा घाम, तेल, सगळं त्या रंगाला विष. हा नियम ती इतक्यांदा सांगते की आमच्या घरातल्या भिंतींनाही पाहुणे जपून टेकतात.

एवढी भित्री बाई या धंद्यात कशी पडली, याचं उत्तर आमच्या बाहेरच्या खोलीत टांगलेलं आहे. बाबांचा फोटो स्टुडिओ होता. पाठीमागे रंगवलेला पडदा, पुढे गोल स्टूल, हनुवटी जरा वर, हसू नका. आयुष्यभर त्यांनी ओळखपत्रांसाठी चेहरे टिपले. पण एकदा, एकदाच, ते घळीत गेले आणि त्यांनी एका चित्राचा फोटो काढला. हातात हात धरून ओळीने उभी बारा माणसं, लालभडक, जणू कालच काढलेली. तो फोटो मोठा करून त्यांनी घरात लावला. येणारा जाणारा आधी त्याच्यासमोर उभा राहायचा आणि मग चपला काढायचा. बाबांची छाती दोन इंच फुगायची. मला त्यांनी एकदा गुपितही सांगितलं होतं: "पाणी मारलं की चित्र जागं होतं. ही युक्ती सगळ्यांना माहीत नसते."

ताईला निवृत्तीला चार महिने राहिले होते, तेव्हा तिच्या मदतनिसाचा पाय मुरगळला. घळीतली शेवटची फेरी बाकी होती, आणि तीही नेमकी बाबांच्या त्या चित्राची. ताईचे गुडघे आता वर चढून पट्टी धरायच्या लायकीचे राहिले नव्हते. मी म्हटलं, "मी येतो. त्यात काय, भिंतीपुढे पट्टीच तर धरायची."

ती म्हणाली, "तू ऐकणार असशील तरच ये."

"ऐकतो की."

"तू आजवर कुणाचं ऐकलंयस?"

खात्याच्या जीपने आम्ही सकाळी घळीच्या तोंडाशी पोचलो. आभाळ निळंशार, एक ढग औषधाला नाही. तिचा नेहमीचा ड्रायव्हर उंचवट्यावर गाडी लावून बॉनेटवर बसला, दिवसभर डोंगरांकडे बघत. तेच त्याचं काम. पाऊस इथे पडत नाही, तिकडे तीस-चाळीस किलोमीटरवर पडतो, आणि पाणी घळीतून येतं. डोंगरांवर काळं दिसलं तर त्याने हॉर्न वाजवायचा. मी त्याला म्हटलं, "बरं आहे बुवा तुमचं, उंटावरून शेळ्या हाकायच्या." तो हसला नाही. मॅडमबरोबर तो चौदा वर्षं येत होता.

जीपपाशी ताईने मला समोर उभं केलं, शाळेत करतात तसं. "पाणी आलं तर सामान सोडायचं. कॅमेरा, पट्टी, पिशवी, सगळं. आणि वर चढायचं. म्हण."

"पाणी आलं तर सामान सोडायचं."

"पुन्हा."

तीनदा म्हणायला लावलं. ड्रायव्हरसमोर. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस, ताई. तुझ्यासारख्या माणसाच्या मागेच तो लागतो. माझ्या वाटेला यायची त्याची हिंमत नाही." तिने गळ्यातली शिट्टी चाचपली आणि चालू लागली.

घळ आधी रस्त्याएवढी रुंद होती, मग गल्लीएवढी, मग अशी की हात पसरले तर दोन्हीकडे कातळ लागेल. लावायचा नाही, म्हणून मी हात खिशात घातले. वर आभाळाची एक निळी चिंधी. आत उन्हाळ्यातही गार, आणि आपल्याच पावलांचा आवाज मागून कुणी येत असल्यासारखा. ताई पावलं मोजत होती. "एकशे चाळीस. इथून चढता येतं." मग पुन्हा, "नव्वद. इथूनही येतं, पण कष्टाने." मला हसू येत होतं. मग मान वर करून बघितलं, तर दोन भिंतींच्या मध्ये, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर, एक अख्खा ओंडका आडवा अडकला होता. त्याच्यावर काटक्या, वाळलेलं गवत, कसल्याशा प्लास्टिकचा तुकडा.

"एवढ्या वर लाकूड कुणी ठेवलं?"

"पाण्याने," ताई म्हणाली.

त्यानंतर मला हसू आलं नाही. मग ती म्हणाली, "पुढची दोनशे दहा पावलं चढायला जागा नाही. बोलू नकोस." आणि ती चालू लागली, जवळजवळ पळूच. दुखरे गुडघे घेऊन सत्तावन्न वर्षांची बाई, आणि मी मागून धापा टाकत. दर वर्षी ती ही दोनशे दहा पावलं अशीच चालली असणार. मग घरी येऊन आमच्या थट्टा ऐकत भाजी निवडत बसली असणार. मला पहिल्यांदा जराशी लाज वाटली. फार नाही.

दोनशे दहा संपली आणि घळ अंगणाएवढी उघडली. समोरच्या भिंतीत दीड पुरुष उंचीवर दगडाची एक फळी पुढे आलेली, दीडेक फूट रुंद, आणि बाजूने तिथवर जाणारा तिरपा खडक. फळीच्या वर, वीतभर अंतर सोडून, ती बारा माणसं.

पण ही ती नव्हेतच. आमच्या घरातली लालभडक; ही कुणी ओल्या फडक्याने पुसावीत अशी. सगळ्यांवर पांढुरका थर चढलेला. मधल्या चौघांची तर नुसती सावली उरली होती. मला वाईट वाटलं, मनापासून. लहानपणापासून रोज बघितलेली माणसं होती ती.

"ताई, ती चित्रं याच उंचीवर का गं सगळी?"

"सगळ्या उंचीवर काढली असतील. खालची कधीच धुऊन गेली. जिथवर पाणी येत नाही तिथलीच उरली." ट्रायपॉड मांडता मांडता ती बोलत होती. "मला या घळीत कशाचा आधार वाटत असेल तर त्याचा. चित्र आहे म्हणजे पाणी तिथवर पोचत नाही."

मी पट्टी घेऊन वर चढलो. तिने पंधरा-वीस फोटो काढले. मग ती वाकून कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत होती, आणि माझ्या डोक्यात बाबांची युक्ती आली. शेवटची फेरी आहे बिचारीची. एकदा तरी तिला बाबांसारखा फोटो मिळू दे. मी पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं, हात उचलला.

ताई ओरडली. ती कधी ओरडत नाही. घाबरली की तिचा आवाज आत जातो. हा आवाज माझ्या ओळखीचाच नव्हता. माझा हात जागच्या जागी थिजला.

"झाकण लाव. आधी झाकण लाव."

मी लावलं. ती ट्रायपॉडला धरून उभी राहिली आणि खालूनच बोलायला लागली, माझ्याकडे न बघता. "बाबांनी तेच केलं होतं. पाण्याने रंग उठतो, फोटो झकास येतो. मग पाणी सुकताना कातळातले क्षार वर आणतं आणि पांढरा थर धरतो. तो वाढतच जातो, थांबत नाही. दर वर्षी मी मोजते."

"बाबांना काय माहीत, ताई. त्या काळी..."

"बाबांचा हात तिथवर पोचत नव्हता. कॅमेरा खाली होता, ते खाली होते. त्यांनी मला वर चढवलं होतं. दहा वर्षांची होते मी. ते म्हणाले, ओत, आणि मी ओतलं. रंग असा उठला, अशी लाल झाली ती माणसं, मी टाळ्या पिटल्या रे." तिने नाक पुसलं. "सव्वीस वर्षं फॉर्मवर मी लिहितेय, बदलाचं कारण अज्ञात."

 मी बाटली पिशवीत कोंबली. तेवढ्यात गार वारा आला, घळीच्या आतल्या बाजूने, आणि त्याला ओल्या मातीचा वास होता.

ताईची मान वर झाली. मला काही ऐकू येत नव्हतं. मग आलं. लांबून एखादा ट्रक यावा तसं, आणि त्या घरघरीच्या आत कडकड, दगडावर दगड आपटल्याची. वर आभाळ अजून निळंशार.

मी अजून वर बघत होतो, तोवर ती निघालीसुद्धा. कॅमेऱ्याकडे तिने मागे वळूनही बघितलं नाही. गुडघ्यांवर, कोपरांवर, जशी जमेल तशी ती तिरप्या खडकावरून चढत होती. मी वाकून तिचा दंड धरला आणि फळीवर ओढून घेतली. माणूस किती हलकं असतं, असं मला वाटून गेलं.

आणि मग मी काय केलं असेल? जे तीनदा म्हटलं होतं ते विसरलो. खाली ट्रायपॉडवर कॅमेरा तसाच उभा होता. तिची शेवटची फेरी, ते सगळे फोटो, आणि दहा पावलांवर मी, फ्रिज उचलणारा पैलवान. मी उतरलो. मागून तिची शिट्टी वाजली, एकदा, दोनदा, फुप्फुसं फाटतील अशी. मी ट्रायपॉडला हात घातला आणि वळणावरून ते आलं.

ते पाणी नव्हतं. कंबरेएवढी एक तपकिरी भिंत होती, फेसाची, काटक्यांची, झाडाच्या अख्ख्या मुळांची, आणि तिला घाई नव्हती. चालत यावी तशी ती आली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. कॅमेरा कधी सोडला आठवत नाही. खडकावर दोन पावलं चढलो, तिसरं निसटलं, आणि पाण्याने माझे पाय असे बाजूला नेले जसे काही ते माझे नव्हतेच. मला तेव्हा एकच कळलं, की मी आता मरतोय आणि ताईला हे बघावं लागतंय.

माझं मनगट कशाने तरी आवळलं. वर बघितलं तर ताई फळीवर बसली होती. टाचा दगडाच्या फटीत रोवलेल्या, एक हात माझ्या मनगटाला. ऐंशी किलोचा मी आणि पन्नास किलोची ती. ती पुढे सरकत होती, इंच इंच, मीच तिला ओढत होतो. "सोड," मी ओरडलो, मनापासून ओरडलो की नुसताच, ते मलाही माहीत नाही. तिने मागे बघितलं. फक्त एकदा. मग तिने दुसरा हात मागे नेला, तळवा उघडला आणि पूर्ण जोराने भिंतीवर टेकवला. त्याच्या पाठोपाठ पाठ टेकवली. चित्रावर. खांदे रगडत तिने स्वतःला मागे रेटलं, पुन्हा रेटलं, आणि माझा गुडघा खडकाला लागला.

मी फळीवर पालथा पडलो आणि ओकलो, निव्वळ वाळू.

पण पाणी चढतच होतं. खालचं अंगण गेलं, तिरपा खडक गेला. ट्रायपॉडचा एक पाय वर आला, फिरला, दिसेनासा झाला. कानांत दुसरं काही मावत नव्हतं. फळी खालून हादरत होती, कारण पाण्यातले धोंडे कातळावर आपटत होते आणि प्रत्येक ठोका आमच्या हाडांपर्यंत येत होता. पाणी फळीच्या खाली हातभर राहिलं. मग वीतभर. मग माझे बूट भिजले.  मी लहान मुलासारखा तिच्या बाहीला धरून होतो. "ताई, ते वर येतंय. ताई."

"पाण्याकडे बघू नकोस. या माणसांचे पाय बघ." तिचेही दात वाजत होते. "कुणाचेच पाय गेलेले नाहीत. बारा जणांचे चोवीस पाय. मोज."

मी मोजले. मोजून झाले की ती म्हणायची, पुन्हा. फळी आणि त्या पायांमध्ये वीतभर कातळ कोरडा होता. हजारो वर्षं तो तसाच राहिला असेल. आजच का नाही राहणार, आणि आजच का राहील, दोन्ही मला पटत होतं. पाणी चार बोटं चढलं. आम्ही भिंतीला चिकटून उभे राहिलो, दोघांच्याही पाठी चित्राला, टेकायला दुसरी जागाच नव्हती. मग कितीतरी वेळ ते चढलं नाही. मग माझ्या बुटावर फेसाची एक रेघ कोरडी पडत गेली.

दुपार कलल्यावर आम्ही चिखलातून, गुडघ्याएवढ्या पाण्यातून बाहेर आलो. ती दोनशे दहा पावलं या वेळी मी मोजली, मोठ्याने, तिच्या पुढे चालत. ड्रायव्हर घळीच्या तोंडाशी उभा होता. आम्हाला बघून तो मटकन खाली बसला आणि म्हणाला, "मॅडम, हॉर्न वाजवून वाजवून बॅटरी उतरवली मी." आम्हाला आत एकही हॉर्न ऐकू आला नव्हता. गाडी ढकलून सुरू करावी लागली. ती मी ढकलली. तेवढंच काय ते पैलवानकीचं काम त्या दिवशी माझ्या हातून झालं.

पण खाली उतरण्याआधी ताईने भिंतीकडे वळून बघितलं होतं, ते सांगायचं राहिलं. पांढरा थर जिथे तिची पाठ घासली तिथून सुटून आला होता, आणि त्याच्याबरोबर खालचा लालही. मधली दोन माणसं गेली होती. त्यांच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या माणसांचे हात आता रिकाम्या दगडाकडे पसरलेले होते. बाजूला तिच्या तळव्याएवढा कातळ स्वच्छ दिसत होता. ती रडली नाही. तिने आपला हात उलटा करून बघितला, बोटांवर थोडी तांबूस भुकटी होती, आणि ती हात पुसायला तयार होईना. जीपमध्येही तो मांडीवर उताणा ठेवून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या बाहेरच्या खोलीत बाबांच्या फोटोखाली बसून फॉर्म भरत होती. मी चहा घेऊन गेलो तर तिने कागद माझ्यापुढे सरकवला. "साक्षीदार म्हणून सही कर."

मी वाचलं. चित्रातील बदल: दोन आकृती नष्ट. बदलाचं कारण: मानवी स्पर्श, तळहात व पाठ. व्यक्ती: खात्याची फोटोग्राफर, मी स्वतः. त्याखाली, छापील रेघा संपल्यावर, तिने आणखी लिहिलं होतं: आकृतींवरील पांढऱ्या थराचं कारण आजवर अज्ञात असं नोंदवलं गेलं. ते चूक आहे. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी चित्रावर पाणी ओतण्यात आलं. ओतणारी व्यक्ती: मी स्वतः, वय दहा.

अक्षर तिचं नेहमीसारखं नव्हतं, ओळी खाली खाली घसरल्या होत्या.

"निवृत्तीला चार महिने राहिलेत तुझ्या," मी म्हटलं. "पेन्शन अडकवतील. हे कुणी विचारलं तरी होतं का तुला? पुरात गेली दोन माणसं, असं लिही. कोण बघायला जाणार आहे तिथे?"

"म्हणूनच."

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना. रात्री चारदा दाराची कडी बघून आले." तिने पेन पुढे केलं.  "सही कर लवकर, नाहीतर फाडून टाकेन मी."

मी पेन घेतलं. माझं काहीच नव्हतं त्या कागदावर. बाटली नाही, कॅमेऱ्यासाठी खाली उतरलो ते नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "तू ओतलं नाहीस. आणि कॅमेरा पाण्यात गेला हे साहेबांना वेगळ्या कागदावर कळवलंय, मी सोडला म्हणून."

"आणि बाबा? बाबांचं नाव कुठे आहे? ओत असं ते म्हणाले होते ना?"

ताईने मान वर करून फोटोकडे बघितलं. बारा माणसं, लालभडक, सगळ्यांचे हात एकमेकांत.

"नको त्यांना मध्ये ओढायला," ती म्हणाली. "फार भित्रे होते रे ते. मला वर चढवलं, कारण त्यांना स्वतःला चढायची भीती वाटत होती."

मी सही केली. सहीच्या वर एक ओळ स्वतःच्या हाताने घातली: मला वाचवताना हे झालं, कॅमेऱ्यासाठी मी खाली उतरलो, सामान सोडायचं असं मला तीनदा सांगितलं होतं. ताईने वाचलं आणि खोडलं नाही. कागद पाकिटात घातला, पर्समध्ये ठेवला, पर्सची चेन दोनदा ओढून बघितली. मग आम्ही दोघं तो द्यायला निघालो.

गॅस तिने तीनदा बघितला. चौथ्यांदा मी बघून आलो.